राज्य शासनाच्या सेवेत नव्याने रुजू झालात? पगार, कायमपणा आणि पुढची वाट

नियुक्तीचा आदेश हातात पडला की बहुतेक जण त्यात दोनच गोष्टी बघतात, पद आणि नेमणुकीचं ठिकाण. खाली छापलेल्या दहा-पंधरा अटी-शर्ती वाचायच्या राहून जातात. नोकरी टिकणार कशी, पगार वाढणार कधी, बढती कशामुळे अडणार, हे मात्र त्या अटींतच लिहिलेलं असतं. मी आस्थापनेच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. ज्यांचे लाभ अडकतात त्यांत कामचुकार माणसं फार थोडी असतात. बहुतेकांची एखादी नोंद राहिलेली असते, एखादी परीक्षा मुदतीत झालेली नसते, नाहीतर एखादा अर्ज तोंडी सांगून सोडून दिलेला असतो. मन लावून काम करणाऱ्या मुलामुलींचं असं नुकसान होताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या गट-क आणि गट-ब अराजपत्रित पदांवर आलेल्यांसाठी आहे: लिपिक-टंकलेखक, तलाठी, सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक अशा पदांसाठी. जिल्हा परिषद, महामंडळं आणि केंद्र सरकार यांचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. कंत्राटी नेमणुकीला यातलं फारच थोडं लागू होतं. ती नेमणूक शासकीय कार्यालयात असली तरी शासकीय सेवा धरली जात नाही.

रुजू होताना

आदेश पूर्ण वाचा आणि प्रत्येक अटीपुढे पेन्सिलीने मुदत लिहा. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापन, संगणक हाताळणीचं प्रमाणपत्र, टंकलेखन, विभागीय परीक्षा, मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा, यातली कोणती अट कधीपर्यंत पूर्ण करायची हे तुम्हाला तोंडपाठ हवं. छोट्या कुटुंबाचा नियम २००५ चा आहे. दोनपेक्षा जास्त अपत्यं असणं त्यात अपात्रता धरलं आहे, त्यामुळे ते प्रतिज्ञापन सहज सही करून देण्याचा कागद समजू नका.

ज्या दिवशी हजर व्हाल त्या दिवशीच रुजू अहवाल द्या. त्यात तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हेही लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ही प्रत घरी ठेवायची. पगार याच तारखेपासून सुरू होतो. पहिली वेतनवाढ आणि पुढचा प्रत्येक कालावधीही इथूनच मोजला जातो.

राखीव जागेवर निवड झाली असेल तर जात वैधता प्रमाणपत्राइतकं तातडीचं दुसरं काही नाही. जात पडताळणीचा कायदा २००० सालचा आहे. जातीचा दावा अवैध ठरला तर त्या आधारे मिळालेली नोकरी टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात स्पष्ट केलं. त्यानंतर राज्यात अनुसूचित जमातीच्या राखीव जागांवरच्या कितीतरी कर्मचाऱ्यांना, वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अधिसंख्य पदांवर (मंजूर पदांबाहेर तात्पुरत्या निर्माण केलेल्या जादा पदांवर) वर्ग केलं गेलं. म्हणून रुजू होताच जात पडताळणी समितीकडे परिपूर्ण प्रस्ताव गेला आहे याची खात्री करा. पोहोच जपा, त्रुटीचं पत्र आलं तर त्याच आठवड्यात उत्तर द्या. समितीकडे उशीर होत असेल तर त्याचा पत्रव्यवहार आपल्या कार्यालयालाही कळवत राहा, म्हणजे विलंब तुमचा नाही हे कागदावर राहील.

पगारपत्रक ओळीओळीने

राज्यात सातवा वेतन आयोग महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९ प्रमाणे लागू आहे. त्यात एस-१ ते एस-३१ असे वेतनस्तर आहेत. लिपिक-टंकलेखक एस-६ वर, म्हणजे १९,९०० ते ६३,२००. तलाठी एस-८ वर, २५,५०० ते ८१,१००. सहायक कक्ष अधिकारी आणि राज्य कर निरीक्षक एस-१४ वर, ३८,६०० ते १,२२,८००. उपजिल्हाधिकारी एस-२० वर, ५६,१०० पासून पुढे.

लिपिकाचं उदाहरण घेऊ. मूळ वेतन १९,९००. महागाई भत्त्याचा दर सहा-सहा महिन्यांनी बदलतो, हिशेबाला सोपा म्हणून ५० टक्के धरू: ९,९५०. दोन्ही मिळून २९,८५०. शिवाय घरभाडे भत्ता, तो फक्त मूळ वेतनावर, शहराच्या वर्गाप्रमाणे. २०१९ मध्ये तो एक्स, वाय, झेड वर्गासाठी अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाला. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर यांसारखी शहरं वाय वर्गात, बाकी बहुतेक गावं झेडमध्ये. शासकीय निवासस्थान घेतलं की हा भत्ता बंद. मग वाहतूक भत्ता. कपातीत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे १० टक्के, म्हणजे या उदाहरणात २,९८५ रुपये, शिवाय व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, आणि गट विमा.

वार्षिक वेतनवाढ साधारण तीन टक्क्यांची असते, पण ती टक्क्यांनी काढत बसायची गरज नसते. वेतन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे वेतनाच्या तक्त्यात, आपल्या रकान्यात एक घर खाली यायचं. १९,९०० नंतर २०,५००, मग २१,१००, २१,७००. तारीख बहुतेकांची १ जुलै असते, काहींची रुजू होण्याच्या किंवा बढतीच्या दिवसाप्रमाणे १ जानेवारी. आपली कोणती हे पहिल्याच वर्षी विचारून घ्या. विनावेतन असाधारण रजा घेतली तर ही तारीख पुढे जाऊ शकते, ही गोष्ट रजा टाकताना लक्षात असू द्या.

पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतून वेतनचिठ्ठी काढून असा ताळा करा. घरभाड्याचा वर्ग चुकीचा पडणं, वेतनवाढ न लागणं, महागाई भत्त्याच्या थकबाकीत नाव सुटणं या चुका होतात आणि लगेच सांगितलं तर दोन ओळींच्या अर्जात सुटतात.

चूक तुमच्या फायद्याची असेल तरीही सांगाच. जास्त दिलेली रक्कम पुढे वेतन पडताळणी पथकाच्या नजरेला येते आणि वसुली निघते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या रफिक मसीह निकालात वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं म्हटलं आहे. पण वेतननिश्चितीच्या वेळी 'जास्त रक्कम आढळल्यास परत करीन' असं वचनपत्र घेतलं जातं, आणि २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशा वचनपत्राच्या आधारे वसुली योग्य ठरली.

आठव्या वेतन आयोगाबद्दल रोज विचारलं जातं. केंद्राने तो नेमला आहे, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. राज्याला तो आपोआप लागू होत नाही. सातव्या आयोगाचा लाभ १ जानेवारी २०१६ पासून होता, राज्याची अधिसूचना निघाली जानेवारी २०१९ मध्ये, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचं ठरलं. त्यामुळे 'आयोग आला की फेडू' या भरवशावर आज घराचं किंवा गाडीचं कर्ज वाढवू नका.

निवृत्तिवेतन: पंचविशीत बघायची गोष्ट

१ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे, १४ टक्के शासनाचे, असे पैसे तुमच्या प्रान (कायम निवृत्तिवेतन खाते क्रमांक) खात्यात जातात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. पुढे राज्याने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत योजना आली. विकल्प मागवला गेला तर मूळ शासन निर्णय वाचून, आपली एकूण सेवा किती वर्षांची होणार हे मोजून मगच सही करा. सगळ्यांनी भरला म्हणून फॉर्म भरू नका, कारण दिलेला विकल्प सहसा अंतिम धरला जातो.

आज करायची गोष्ट: प्रान लवकर काढून घ्या आणि दर तिमाहीला खातं उघडून दोन्ही वाटे जमा झाले आहेत का बघा. पगारातून कपात झाली पण खात्यात रक्कम पोहोचली नाही, असे महिने निघतात. तुमचं वय पंचवीस असेल तर त्या एका महिन्याच्या रकमेला वाढायला तेहतीस वर्षं मिळणार असतात. तसंच नामनिर्देशन. रुजू होताना आईवडिलांची नावं दिलेली असतात आणि लग्नानंतर ती बदलायची राहतात. प्रान, गट विमा, उपदान (ग्रॅच्युइटी), तिन्हीकडची नामनिर्देशनं वेगवेगळी असतात, आणि कुटुंबावर वेळ आली की त्या नावावरच सगळं अडतं.

सेवापुस्तक

माझ्या मते यापेक्षा मोठं काहीच नाही. तुमचं सगळं सरकारी आयुष्य या एका पुस्तकात असतं. नेमणूक, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद, बदली, बढती, नामनिर्देशन. नोंद नसेल तर ती गोष्ट झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि वीस वर्षांनी त्या वेळचे अधिकारी, लिपिक, कधी कधी ते कार्यालयही सापडत नाही.

वर्षातून एकदा, वेतनवाढ लागून गेल्यावर, आस्थापना लिपिकाला भेटून पुस्तक पाहायला मागा. तो तुमचा अधिकार आहे. पाहून झालं की पाहिल्याची सही करा. पहिल्यांदा पाहताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवा. जन्मतारखेतली चूक लगेच सांगितली तर दुरुस्त होते, निवृत्ती जवळ आल्यावर कोणी ऐकत नाही. मग नियुक्ती आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, रुजू झाल्याची वेळ, वेतनस्तर, पडताळण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी बघा. प्रत्येक नोंदीखाली कार्यालयप्रमुखाची सही आहे का तेही बघा. सही नसलेली नोंद पडताळणीत धरली जात नाही. शेवटी रजेचा हिशेब. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, जानेवारीत १५ आणि जुलैत १५ अशी जमा होते. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस. नैमित्तिक रजा ८ दिवसांची, तिची नोंद सेवापुस्तकात नसते.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि मूळ पुस्तकाबरोबर तीही अद्ययावत करून घेत चला. घरी एक फाइल करा: मूळ आदेश तारखेप्रमाणे, पाठीमागे आवक शिक्क्याचे अर्ज. मोबाइलमधला फोटो ठीक आहे, पण ज्यावर शिक्का आहे तो कागद जपायचा.

परिविक्षा आणि परीक्षा

सरळसेवेने आलेल्यांचा परिविक्षाधीन (काम पारखण्याचा) कालावधी बहुतेक पदांना दोन वर्षांचा असतो. या काळात काम किंवा वर्तन समाधानकारक नाही म्हणून सेवा संपवता येते, कालावधी वाढवताही येतो. तो समाधानकारक पूर्ण झाल्याचा आदेश आपोआप निघत नाही. दोन वर्षं झाली की महिन्याभरात लेखी अर्ज करा. पुढे स्थायित्वाचा, म्हणजे कायमपणाचा, लाभ मिळाल्याचा आदेशही असाच मागून घ्यावा लागतो. हे दोन आदेश सेवापुस्तकात चढले की पुढची बरीच काळजी मिटते.

विभागीय परीक्षेकडे 'एमपीएससी काढून आलोय, ही काय अवघड' अशा नजरेने बघू नका. महसुलात लिपिक आणि तलाठ्यांना दुय्यम सेवा परीक्षा, पुढे अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकारी व्हायला महसूल अर्हता परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक खात्यात असं काही असतं, आणि त्याला वर्षांची मुदत आणि संधींची संख्या दोन्ही ठरलेल्या असतात. मुदत किंवा संधी चुकली की ज्येष्ठता घसरते, काही ठिकाणी वेतनवाढ थांबते. पुस्तकं घेऊन बसायची परवानगी असलेल्या पेपरलाही लोक नापास होतात, कारण नियम कुठल्या पानावर आहे हेच माहीत नसतं. भाषा परीक्षेतून दहावीच्या विषयामुळे सूट मिळत असेल तरी सूट मिळाल्याचा आदेश लागतो.

ज्येष्ठता, गोपनीय अहवाल, बढती

दरवर्षी १ जानेवारीची स्थिती दाखवणारी ज्येष्ठता यादी आधी तात्पुरती प्रसिद्ध होते. त्यावर हरकतीसाठी ठरावीक दिवस असतात. यादी फलकावर लागली की आपलं नाव, वरची चार आणि खालची चार नावं बघा. सरळसेवेच्या एकाच तुकडीत ज्येष्ठता निवड यादीतल्या गुणानुक्रमाने असते, कोण आधी रुजू झालं यावर नाही.

तुमच्या कामावर वरिष्ठ दरवर्षी लिहितात त्या गोपनीय अहवालातला स्वयंमूल्यांकनाचा भाग तुम्ही लिहायचा असतो. तिथे 'नेमून दिलेली कामे केली' एवढंच लिहू नका. किती प्रकरणं निकाली काढली, किती गावांचं काम पाहिलं, निवडणुकीचं किंवा पंचनाम्यांचं काय काम केलं, ते आकड्यांत लिहा. अहवालाची प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं आहे की चांगला-वाईट कसाही शेरा असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. प्रतवारी कमी वाटली तर मुदतीत अभिवेदन द्या. पदोन्नती समिती मागच्या काही वर्षांचे अहवाल एकत्र बघते, त्यात मधलं एखादं वर्ष लिहिलंच गेलं नसेल तर तुमचं प्रकरण बाजूला पडतं.

बढतीतून पैसा किती वाढतो हेही माहीत असावं. लिपिकाला दहा वेतनवाढींनंतर एस-६ मध्ये २६,८०० मिळतात. तो एस-८ च्या पदावर गेला तर आधी एक वेतनवाढ, २७,६००, आणि मग एस-८ मधला त्याच्या पुढचा टप्पा, २७,९००. म्हणजे मूळ वेतनात ११०० रुपये. वेतननिश्चिती बढतीच्या तारखेला करायची की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेला, याचा विकल्प असतो. दोन्ही पद्धतींनी वर्षभराचा हिशेब मांडून मगच तो द्या. बढतीची जागाच निघाली नाही तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. पण मिळालेली बढती गावाजवळ राहण्यासाठी नाकारली तर या लाभावरही पाणी सोडावं लागतं.

बदली

बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. गट-अ आणि गट-ब साठी एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये. मध्येच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. विदर्भातून कोकणात, मराठवाड्यातून ठाण्यात नेमणूक झालेली मुलं पहिल्याच वर्षी जिल्हा बदलून मागतात. घरची ओढ मला समजते. पण जिल्हा संवर्गात कायमची बदली घेतली की नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता खाली जाते. हा सौदा अर्ज करण्याआधी घरच्यांशी बोलून ठरवा.

कारवाईची वेळ आली तर

नोकरीचं संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी तुम्हाला बडतर्फ करू शकत नाही, आणि दोषारोप कळवून, चौकशीत बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय सेवेतून काढता येत नाही. परिविक्षेच्या काळात हे कवच पातळ असतं. प्रक्रिया महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये आहे. मोठ्या शिक्षेची चौकशी नियम ८ खाली, किरकोळ शिक्षेची नियम १० खाली.

ज्ञापन (आरोप कळवणारं पत्र) आलं तर घाबरून त्याच दिवशी कबुली लिहून देऊ नका आणि रागात उत्तरही देऊ नका. कोणत्या कागदांच्या आधारे आरोप आहे ते लेखी मागा, मुदत वाढवून मागा, मुद्देसूद उत्तर द्या. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर निलंबन मानलंच जातं. निलंबनात अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि दोषारोपपत्र ९० दिवसांत देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार राज्याचा २०१९ चा शासन निर्णय आहे. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध अपिलाला ४५ दिवस. त्यापुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथे. तिथली मुदत साधारण एक वर्षाची आहे. साहेबांच्या तोंडी आश्वासनावर ती निघून जाऊ देऊ नका.

तोंडी आदेशावर पैशाचं किंवा नोंदीचं काम करू नका, हे मला तरुण तलाठ्यांना आणि रोखपालांना हात जोडून सांगायचं आहे. साहेब लेखी देत नसतील तर 'आपल्या तोंडी सूचनेनुसार' असं टिप्पणीत लिहून संचिका वर पाठवा.

पुढची परीक्षा, दुसरी नोकरी

सेवेत राहून राज्यसेवेची किंवा दुसऱ्या पदाची तयारी करण्यात गैर काही नाही. मात्र अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयाला लेखी कळवून आणि परवानगी किंवा ना हरकत प्रमाणपत्र घेऊन करा. याचा फरक पैशात केवढा पडतो पाहा. तलाठ्याला सहा वेतनवाढींनंतर एस-८ मध्ये ३०,५०० मिळतात. तो सरळसेवेने एस-१० च्या पदावर गेला तर तिथली सुरुवात २९,२०० पासून आहे. परवानगी घेऊन गेला असेल तर वेतन संरक्षण मागता येतं. न कळवता परीक्षा देऊन साधा राजीनामा टाकला तर वरच्या पदावर जाऊनही मूळ वेतन कमी होतं, आणि निवृत्तिवेतन नियम, १९८२ च्या नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने मागची सेवाही गमावली जाते. याच नियमात, परवानगीने दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याला अपवाद आहे. म्हणून पत्रात 'अमुक पदावर निवड झाल्याने, त्या पदावर रुजू होण्यासाठी कार्यमुक्त करावे' असंच लिहा. नव्या पदावर मन रमलं नाही तर जुन्या पदावर परत येता यावं म्हणून धारणाधिकाराची (जुन्या पदावरचा हक्क राखून ठेवण्याची) विनंतीही त्याच पत्रात करा.

खात्यातल्या मर्यादित विभागीय परीक्षांकडे नवखे फारसे बघत नाहीत. मंत्रालयातल्या लिपिकांना सहायक कक्ष अधिकारी पदासाठी, पोलीस शिपायांना उपनिरीक्षक पदासाठी अशा परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. स्पर्धा आपल्याच खात्यातल्या लोकांशी असते. आणि नव्या निवडीत तुम्ही जाणार नाही असं पद मिळत असेल तर आयोगाने दिलेला भरतीतून बाहेर पडण्याचा पर्याय वापरा. यादीत तुमच्या खाली कोणीतरी त्याच एका जागेसाठी थांबलेलं असतं.

सोडून जाताना चार कागद हातात हवेत: कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, ना देय प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक नव्या कार्यालयाकडे पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक. सेवार्थमधलं नाव आणि प्रान नव्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगाराची देयकं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) वर्ग झालं का, हे जुन्या कार्यालयाच्या देयक लिपिकासमोर बसूनच बघून घ्या. ते राहिलं तर नव्या जागी पहिले दोन-तीन पगार निघत नाहीत.